एकेचाळीस दिवस चौऱ्याऐंशी

प्रिय धाकट्या,

हे पत्र लांब होणार आहे आणि तू ते शेवटपर्यंत वाचणार आहेस, एवढं आधी मनाशी ठरव आणि मगच पुढे जा. गेल्या तीन आठवड्यांत मी तुला अकरा फोन केले. आपल्या वस्तीत रेंज नाही, हे तुला ठाऊक आहे. प्रत्येक फोनसाठी मी दुखरा गुडघा घेऊन खिंडीपर्यंत चढले आणि तिथल्या वाऱ्यात कानाला फोन लावून उभी राहिले. नऊ वेळा तुझा तो गोड आवाजाचा मदतनीस भेटला. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." अरे, हा माणूस जेवतो तरी कधी? दोनदा तू भेटलास आणि दोन्ही वेळा म्हणालास, "ताई, थोडक्यात सांग ना." थोडक्यात सांगण्यासारखं असतं तर मी या वयात अकरा वेळा डोंगर चढले असते का? शेवटी हात टेकले आणि कागद घेऊन बसले. हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देणार आहे. मंगळवारी तो ते तुझ्या हातात देईल, मदतनिसाच्या नाही. तसं मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं आहे.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, छापील निमंत्रण, आणि मागच्या बाजूला पेनाने खरडलेल्या चार ओळी. "ताई, जिंकलो! ठेंगणं धरण नक्की झालं. पुढच्या सोमवारी अंतिम आराखड्यावर माझी सही. आपलं घर वाचलं." खाली आणखी एक ओळ: सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या प्रसिद्ध हिवाळ्याचं मूळ रजिस्टर पाठवून दे, प्रकल्पाच्या दालनात काचेच्या कपाटात ठेवायचं आहे, आणि तू स्वतः मंचावर यायचं आहेस. मंचावर! मला! एकतीस वर्षं मी नदीकाठच्या लोखंडी पट्टीवर पाण्याची उंची वाचते आणि वहीत लिहिते. त्यासाठी कुणी माझ्या गळ्यात हार घालावा, एवढं माझं डोकं फिरलेलं नाही.

पण तू खूश आहेस आणि वस्तीही खूश आहे, हेच तर दुखणं आहे. शिलाईवाली मला मागच्या आठवड्यात विचारत होती की ठेंगण्यात आणि उंचात नेमका फरक काय. मी तिला सांगितलं, उन्हाळ्यात बर्फ वितळून नदी फुगते, ते पाणी अडवायचं आणि हिवाळ्यात नदी आटली की थोडं थोडं सोडून वीज करायची. हिवाळ्यात नदी जितकी आटेल तितका साठा मोठा लागणार आणि धरण तितकं उंच. उंच झालं तर पाणी आपल्या छपराच्याही वर तीन पुरुष उंच चढेल. पण माझ्या भावाने सिद्ध केलं आहे की आपली नदी ऐन थंडीत आटत नाही, अगदी दुष्काळी वर्षीसुद्धा सहा आठवडे तग धरते, मग थोडेच दिवस खाली जाते. म्हणून साठा लहान पुरेल आणि पाणी आपल्या खालच्या पायरीशी थांबेल. हे सगळं मी तिला नीट समजावलं. तिने डोळे पुसले आणि माझा हात धरून म्हणाली, "तुमच्या भावाने पांग फेडले हो."

आता यंत्राचं बघ. तुम्ही पट्टीशेजारी ते नवं यंत्र बसवलंत, जे पाण्याची उंची आपोआप मोजून उपग्रहामार्फत थेट तुझ्या ऑफिसात पाठवतं. छान केलंत. यंदा पाऊस नाही, बर्फही अर्धंमुर्धं, सव्वीस वर्षांनी असं कोरडं वर्ष आलं आहे. यंत्राने ऐन थंडीत आकडा दाखवला एकोणपन्नास सेंटिमीटर. तू म्हणालास, चौऱ्याऐंशीच्या आसपास हवा, हे अशक्य, यंत्र बिघडलं. यंत्रवाल्याला धाडलंस. बिचारा दोन दिवसांचा प्रवास करून आला, काच पुसली, बॅटरी बदलली, आकडा एकोणपन्नास. पुन्हा धाडलंस, तो नवं कोरं यंत्र घेऊन आला. तेही एकोणपन्नास म्हणालं. तेव्हा तू म्हणालास, सगळी खेपच सदोष आहे! तिसऱ्यांदा आला तेव्हा माझ्या चुलीपाशी ओले बूट वाळत टाकून बसला आणि वैतागून म्हणाला, "बाई, यंत्राला काहीएक झालेलं नाही. साहेबांना हा आकडाच नको आहे. मी काय करू, नदीत पाणी ओतू?" मला हसू आलं.

त्यावर कडी म्हणजे, मी स्वतः रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी पाचला पट्टी वाचते आहे आणि तुला महिन्याचा तक्ता पाठवते आहे. त्यातही एकोणपन्नासच आहे. माझ्या हातचा आकडा! तर तू निरोप पाठवलास की पट्टी जमिनीत खचली असेल. मी गवंड्याला घेऊन गेले. खडकावर बाबांनी छिन्नीने कोरून ठेवलेली खूण आहे ना, तिच्याशी ताडून बघितलं. पट्टी केसभर हललेली नाही. तेही कळवलं. तुझं उत्तर नाही. तुझा माझ्यावर केवढा विश्वास आहे हे तू चारचौघांत सांगत फिरतोस, पण तो विश्वास सव्वीस वर्षांपूर्वीच्या माझ्यावर आहे. आजची ताई, चष्मा लावून, ओणवी होऊन, नाक पाण्याला लागेपर्यंत वाकून एकोणपन्नास वाचते, तिच्यावर नाही. तळपायाची आग मस्तकात जाते माझी.

शरद ऋतूत तुमची समिती आली होती, ते आठवतं? सात माणसं आपल्या पुढच्या खोलीत दाटीवाटीने बसली होती आणि तू नकाशा पलंगावर पसरला होतास. त्यातले ते पांढऱ्या मिशांचे सल्लागार, जे सगळा वेळ गप्प होते, त्यांनी एकच प्रश्न विचारला. "एकेचाळीस दिवस पाणी एका आकड्यावर? चौऱ्याऐंशी म्हणजे चौऱ्याऐंशी? नदी आहे की टाकी?" सगळे हसले. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तू उठलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "या नोंदी माझ्या बहिणीच्या आहेत. एक वेळ नदी चुकेल, ताई चुकणार नाही." सल्लागारांनी माझ्याकडे पाहिलं. काय पाहिलं कुणास ठाऊक. मी ट्रे ठेवला आणि आत निघून गेले. तुला वाटलं मी लाजले.

लाजले नव्हते, धाकट्या. त्या एकेचाळीस दिवसांत मी नदीवर नव्हतेच.

एकदा लिहून झालं. आता हात थांबायला नको. बाबा गेले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, पट्टी वाचायची नोकरी माझ्याकडे आली आणि तू अजून शाळेत होतास, पुढे इंजिनियरिंगला गेलास. पाच वर्षं मी दिवसातून दोनदा दोनशे बारा पायऱ्या उतरले आणि चढले. कच्च्या नोंदी जाड रजिस्टरमध्ये पेन्सिलीने, आणि महिना संपला की शाईने सुवाच्य तक्ता करून तो वरच्या ऑफिसला. ऑफिसला तक्ता जातो, रजिस्टर घरातच राहतं, हे तुला ठाऊक आहे. मला ते काम आवडत नव्हतं असं नाही. पण खडक तपासायला सर्वेक्षणवाले यायचे, तंबू ठोकायचे, दुर्बीण लावून डोंगरांच्या उंची मोजायचे, आणि संध्याकाळी त्या उंचीच्या रेषा कागदावर उतरायच्या. मी त्यांच्या टेबलाशी तासन्‌तास उभी राहायचे. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या नकाशेवाल्याने मला खालच्या शहरातल्या भूमापनाच्या शाळेचा अर्ज आणून दिला. त्या वर्षी पहिल्यांदाच मुलींना घेणार होते, चार जागा. मी परीक्षा दिली. तिसरी आले.

तुला सांगितलं नाही. का, ते विचारू नकोस, कारण तू काय म्हणाला असतास ते मला पाठ होतं. "छान आहे ताई, पण मग नदी कोण बघणार?" तू वाईट मनाने म्हणाला नसतास. पण म्हणाला असतास. आणि नोकरी गेली तर तुझं कॉलेजही बंद पडलं असतं, हेही खरं. म्हणून मी आणि आईने मिळून डोकं चालवलं. डोकं कसलं, शुद्ध वेडेपणा. आई नदीवर जाईल, कच्ची नोंद करेल, आणि मी दर महिनाअखेर येऊन तक्ता करून पाठवेन. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी तिला तीन दिवस आकडे शिकवले. पट्टीवर पाणी कुठे टेकलं ते बघायचं, तिथला आकडा वहीतल्या त्या तारखेपुढे काढायचा. "आलं, आलं," म्हणाली. आपल्या आईला "येत नाही" हे दोन शब्द उभ्या जन्मात म्हणता आले नाहीत, हे मला तरी कळायला हवं होतं. निघायच्या दिवशी सकाळी मी शेवटची नोंद केली. चौऱ्याऐंशी.

ते दिवस मी कधी कुणाला सांगितलेले नाहीत. उंच खिडक्यांची एक लांब खोली, तिरकी टेबलं, आणि प्रत्येकीला स्वतःचा दिवा. पहिल्या आठवड्यात माझ्या रेषा थरथरायच्या, चौथ्या आठवड्यात शिक्षकांनी माझा कागद भिंतीवर लावला. मी रात्री अंथरुणात पडून हसत असे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मला कुठलीही पायरी उतरायची नव्हती. तुला त्या काळात मी दोन पत्रं पाठवली. त्यांत आपल्या अंगणातल्या बर्फाचं मोठं वर्णन होतं. ते सगळं मनाने रचलेलं होतं. महिनाअखेर मला यायचं होतं, पण खिंड बर्फाने बंद झाली. आणि मग ती उघडल्याबरोबर आईचा निरोप आला: धाकटा सुट्टीला येतोय, कॉलेजच्या प्रकल्पासाठी नदीचे आकडे बघणार आहे, ताबडतोब ये. मी रस्ता साफ करणाऱ्या गाडीमागून चालत आले.

घरात शिरल्याबरोबर रजिस्टर उघडलं. एकेचाळीस दिवस, दोन्ही वेळा, चौऱ्याऐंशी. ब्याऐंशी वेळा तोच आकडा, लहान मुलाच्या हातासारखा वाकडातिकडा, पहिल्या पानावर भला मोठा आणि शेवटच्या पानावर जरा सुधारलेला. तशीच नदीवर पळाले. पट्टीवर पाणी एक्कावन्नला. मी आईवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. ती चुलीपुढे बसून होती, तिच्या बोटांना थंडीने चिरा पडल्या होत्या. म्हणाली, "रोज गेले. एक वेळ चुकवली नाही. पाणी होतं तिथे, मी बघितलं. मग लिहिलं." तिला वाटलं होतं, जाऊन नदी आहे याची खात्री करायची आणि आदल्या दिवशीसारखंच लिहायचं. वरच्या ओळीतलं बघून ती खाली काढत गेली होती. आपली आई त्या बर्फात ब्याऐंशी वेळा दोनशे बारा पायऱ्या उतरली होती, मला त्या खोलीत बसून रेषा काढता याव्यात म्हणून. आणि मी तिच्यावर ओरडले. ते आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते.

इथवर आईची चूक. यापुढची माझी, आणि ती चूक नव्हे, लबाडी. "नोंद नाही" असे दोन शब्द लिहिले असते तर भागलं असतं. चौकशी झाली असती, बोलणी खाल्ली असती, कदाचित नोकरी गेली असती. मी ते लिहिले नाहीत. चौऱ्याऐंशीवरून एका दिवसात एक्कावन्नावर उडी मारली तर ऑफिसात कुणाच्याही डोळ्यात येईल, म्हणून मी रोज तीन-तीन कमी करत गेले. एक्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर, पंच्याहत्तर. खरी नदी खाली एक्कावन्नाशी पडून होती आणि मी वहीत तिला पायरी-पायरीने उतरवत होते. अकरा दिवस लागले. मग ते सगळं शाईने तक्त्यात उतरवलं, सही केली आणि तू आलास. भूमापनाच्या शाळेत पंधरा दिवस गैरहजर राहिलं की नाव कमी करायचे. तू तीन आठवडे राहिलास. माझं नाव कमी झालं.

आणि तू तो तक्ता हातात घेऊन घरभर नाचलास! तुला आठवत असेल. "ताई, बघ, बघ! नदी हलत नाही! डोंगर पोटातलं पाणी सोडतोय!" मी सांगायला तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. आईने माझ्याकडे पाहिलं. तू तिला उचलून गरकन फिरवलंस आणि ती लहान मुलीसारखी हसत सुटली, बाबा गेल्यावर पहिल्यांदाच. मी तोंड मिटलं. मग तुझा तो निबंध गाजला, त्यावरून पुढे प्रबंध झाला, आणि त्या अकरा दिवसांच्या उताराला तू नावसुद्धा दिलंस, "उशिराचा उतार". विद्यार्थी तो म्हणे परीक्षेत काढून दाखवतात. अरे देवा! मी चुलीपाशी बसून बोटांवर मोजत काढलेला उतार आहे तो. एक्कावन्नावर थांबला कारण माझी लबाडी तिथे संपली. मला वाटायचं, असू दे. प्रबंधाने कुणाचं घर बुडत नाही आणि कुणाच्या घरात अंधार होत नाही. पुढे इतकं कोरडं वर्ष पुन्हा आलंच नाही, त्यामुळे खोटं उघडं पडायचं काही कारण नव्हतं. आईने शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं की धाकट्याच्या अभ्यासात माझाही हात आहे. लोकांना वाटायचं, म्हातारी कौतुकाने बोलते. मी मूग गिळून गप्प. आणि तुला खरंच सांगते, नुसती आईसाठी नव्हते गप्प. तुझं नाव व्हायला लागलं तसा मला आनंद व्हायचा आणि मत्सरही वाटायचा, एकाच वेळी. तू भाषणात माझं नाव घेतलंस की मला वाटायचं, या माणसाला माहीतच नाही की त्याच्या सिद्धान्तात माझी शाळा गाडली आहे. ते मनात ठेवण्यात मला एक कडू समाधान मिळायचं. तेवढीही मी भली नाही.

पण आता उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी तू सही करणार. ठेंगणं धरण बांधणार, आणि त्याच्या भरवशावर खालच्या शहरातलं कोळशाचं वीजघर बंद होणार, असं तुझ्याच निमंत्रणावर छापलं आहे. यंदासारखं वर्ष आलं की तुझा लहानसा साठा थंडीच्या मध्यावरच तळाला जाईल. मी गणित केलं, मला येतं ते. दर वेळी तीन-चार आठवडे शहर कडाक्याच्या थंडीत विजेशिवाय राहील. तिथे इस्पितळ आहे, शाळा आहेत, तुझी मुलं आहेत. आणि का? तर माझ्या आईला आकडे येत नव्हते आणि मला दोन शब्द लिहायचं धाडस झालं नाही म्हणून. उंच बांध, नाहीतर बांधूच नकोस, ते तुम्ही शहाणी माणसं ठरवा. पण या आकड्यावर बांधू नकोस.

उंच बांधलंत तर काय होईल हे मला सांगू नकोस. मला ठाऊक आहे. वस्तीत अकरा घरं, सातांना कुलपं. उरलेल्या चारांत मी, लोहार आणि त्याची बायको, शिलाईवाली, आणि पलीकडचे बहिरे काका. शुक्रवारी मी तिघांच्याही घरी जाऊन सगळं सांगितलं. काकांना दोनदा ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे ते डोंगरालाही कळलं. ते म्हणाले, बरं, आणि दार लावून घेतलं. लोहार आधी हसला, मग भात्याशी जाऊन बसला आणि भाता ओढत राहिला. शेवटी म्हणाला, "सव्वीस वर्षं गप्प बसलीस, आणखी दहा दिवस बसली असतीस तर आमचं घर राहिलं असतं." शिलाईवालीने माझं शिवायला टाकलेलं कोटाचं अस्तर तसंच घडी करून दारात आणून ठेवलं. रस्त्यात समोर आली तर मान फिरवते. ज्या हाताने तिने माझा हात धरला होता तोच आता पदरात लपवते. तिचा राग मी सोसेन. पण मी बाबांनी बांधलेल्या या घरात झोपायला जाते तेव्हा मलाही रडू येतं, हे तिला कोण सांगणार? मीच माझ्या हाताने ते बुडवते आहे.

आता हे पत्र का लिहिलं, ते ऐक. तुझी परवानगी मागायला नाही. काल, शनिवारी, मी ते मूळ रजिस्टर टपालाने पाठवून दिलं. तुझ्या काचेच्या कपाटाला नव्हे, त्या पांढऱ्या मिशांच्या सल्लागारांना. सोबत माझ्या सहीची दोन पानांची कबुली आहे, तिच्यात तुझ्याबद्दल एक अक्षर नाही. पार्सल बांधताना आईची ती पानं शेवटची चाळली. तिने जन्मात दुसरं काही लिहिलेलं नाही. टपालवाली म्हणाली, शुक्रवारच्या आत पोचायचं नाही. मी मुद्दाम दोनदा विचारून घेतलं आणि मगच पार्सल तिच्या हातात दिलं. शुक्रवारी ते रजिस्टर उघडतील, तेव्हा तू फसलेला माणूस असशील, आणि लोक म्हणतील, बहिणीला पाठीशी घालत होता. त्याआधी तू आपल्या पायांनी त्यांच्या दारात गेलास आणि सांगितलंस की माझा आकडा खोटा आहे, यंत्र खरं आहे, सही थांबवा, तर तू तोच राहशील जो मी आणि आईने वाढवला. मंगळवार ते शुक्रवार, मधले तीन दिवस मी तुझ्यासाठी राखून ठेवले आहेत. यापेक्षा जास्त मला देता आले नाहीत. माझ्यावर चिडायला पुढे उभा जन्म पडला आहे, मी कुठे जात नाही. आत्ता चीड नको. कोट घाल आणि मंगळवारीच जा, बुधवारवर ढकलू नकोस.

तुझीच,
ताई